न्यायालयाची पायरी

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. कज्जेखटल्यांत पैसा जातो, काळ जातो आणि पदरी बहुधा पश्चात्तापच येतो, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव तीत साठविलेला आहे. परंतु या म्हणीने एक गोष्ट न बोलताच गृहीत धरली आहे. ती ही की, मनात आणल्यास पायरी प्रत्येकास चढता येते. ज्याचे पाय निर्बल आहेत, जो चाकांच्या खुर्चीत बसूनच हिंडू शकतो, त्याच्यापुढे चढावे की न चढावे हा प्रश्नच नसतो. चढावे कसे, हा त्याचा प्रश्न असतो. जुन्या सार्वजनिक इमारतींच्या पायऱ्यांविरुद्ध अशा माणसांनी न्यायासनापुढे मांडलेल्या गाऱ्हाण्यांचा आपल्या देशातील इतिहास जेमतेम तीस वर्षांचा आहे. त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र बराच जुना आहे.

सार्वजनिक म्हणजे कोणाकोणाचे, हा तो प्रश्न होय, आणि महाराष्ट्रास तो नवा नाही. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्य गणलेल्या वर्गांस करू द्यावा, असा त्याचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेने पुढील वर्षी आपले चवदार तळे त्याप्रमाणे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 20 मार्च 1927 रोजी सहस्रावधी अनुयायांसह तेथे जाऊन प्रत्यक्ष पाणी प्यावे लागले. आणि तळे खासगी असल्याचा दावा विरुद्ध पक्षाने लावल्यामुळे मुंबई उच्च न्यायालयाचा अखेरचा निर्णय मिळण्यास 17 मार्च 1937 हा दिवस उजाडावा लागला. कागदावरील ठराव आणि पाण्याची पहिली ओंजळ यांत किती अंतर असू शकते, याचा हा धडा होता. महाडचा अडथळा बुद्धिपुरस्सर घातलेला होता आणि पायऱ्यांचा अडथळा विस्मरणातून उत्पन्न झाला, हा भेद मोठा आहे. परंतु दाराशी आलेला मनुष्य आत जाऊ शकत नाही, हे फळ दोन्हीकडे एकच आहे.

मुंबईतील थोर इमारती ज्या काळी उभ्या राहिल्या, त्या काळी पायरी हे वैभवाचे लक्षण मानले जाई. उच्च न्यायालयाची दगडी वास्तू 1878 साली पुरी झाली. त्याच वर्षी राजाबाई मनोरा पुरा झाला. बोरीबंदरचे भव्य स्थानक त्यानंतरच्या दशकात उभे राहिले. पावसाळ्यातील पाणी व ओल आत येऊ नये म्हणून जोते उंच घेणे ही येथील बांधकामाची जुनी रीतच होती. तीत राज्यकर्त्यांच्या दिमाखाची भर पडली. अर्जदाराने चार पायऱ्या चढून, किंचित धापा टाकीतच, हुजुरांपुढे यावे, ही त्या वास्तुरचनेची मूक आज्ञा होती. ज्यास चढता येत नसे त्यास घरचे लोक उचलून नेत. आणि नेणारे कोणी नसल्यास तो येतच नसे. तो न आल्यामुळे तो आहे, हेच कोणाच्या ध्यानात येत नसे.

पायरीऐवजी उतरण बांधावी, हा उपाय सोपा वाटतो. पण त्यालाही हिशेब आहे. चाकांची खुर्ची सुखरूप चढण्यासाठी एक फूट उंचीस निदान बारा फूट लांबीची उतरण लागते, असे मान्य प्रमाण आहे. सहा इंची पाच पायऱ्यांचे जोते अडीच फूट उंच होते. त्यास तीस फूट लांबीची उतरण हवी. ती न साधल्यास बांधणारे उतरण तीव्र करतात, आणि मग ती उतरण नावाला उरते. वर जाण्यास दोन माणसांचा हात आणि खाली येण्यास दैवाचा हात लागतो. त्यातून इमारत ऐतिहासिक असेल तर दगडास धक्का लावता येत नाही. 1995 हे साल या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी बृहन्मुंबईतील वारसा-वास्तूंच्या रक्षणाचे नियम जारी झाले, आणि त्याच वर्षी संसदेने अपंग व्यक्तींच्या समान संधीचा कायदा केला. पहिला नियम म्हणत होता, वास्तू आहे तशी राखा. दुसरा कायदा म्हणत होता, ती सर्वांस मोकळी करा. मात्र या दुसऱ्या कायद्याने सार्वजनिक इमारतींविषयी ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ अशी पुस्ती जोडून ठेवली होती. आणि कोणत्याही कचेरीस उतरणीपुरती कुवत आपणापाशी नाही, असे म्हणणे कधीच अवघड जात नाही.

वास्तू राखूनही मार्ग काढता येतो, हे 2001 च्या जानेवारीत दिसून आले. विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग त्या महिन्यात मुंबई व दिल्ली येथे आले होते. त्यांस दिल्लीतील प्राचीन वास्तू पाहता याव्यात म्हणून तेथे लाकडी उतरणी बसविण्यात आल्या. शतकानुशतके जे अशक्य मानले गेले, ते एका पाहुण्यासाठी थोडक्या दिवसांत साधले. आणि दगडाचा एक कपचाही उडाला नाही. त्यासाठी धडपडणाऱ्यांत जावेद अबिदी हे प्रमुख होते. विमानांत चढण्याउतरण्याच्या सोयींसाठी त्यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती व 1998 साली तीत अनुकूल आदेश मिळविले होते.

न्यायमंदिराचीच पायरी न्यायासनापुढे उभी राहिल्याचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकेतील आहे. टेनेसी संस्थानातील एका जुन्या न्यायालयाची कचेरी वरच्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नव्हती. जॉर्ज लेन नावाच्या, पाय गमावून बसलेल्या आरोपीस तेथे हजर राहण्याचा हुकूम होता. पहिल्या तारखेस तो हातांवर सरपटत जिना चढला. दुसऱ्या तारखेस त्याने सरपटण्यासही नकार दिला आणि स्वतःस उचलून नेऊ देण्यासही. तेव्हा गैरहजेरीबद्दल त्यास अटक झाली. त्याने संस्थानावर उलट फिर्याद केली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की, न्यायालयात येण्याच्या हक्काचा प्रश्न असता 1990 च्या अपंगविषयक कायद्याखाली संस्थानावर दावा लावता येतो. लेनला उचलून नेण्याची तयारी कचेरीने दाखविली होती, हे विसरता कामा नये. त्याने नाकारली ती दया. मागितला तो मार्ग.

आपल्याकडे याच धर्तीचा मोठा दावा 2005 साली दाखल झाला. दृष्टिहीन असलेले राजीव रतूडी यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे रस्ते, वाहने व सार्वजनिक इमारती सुगम करण्याची मागणी केली. दावा चालू असतानाच काळ पुढे सरकला. अपंगांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारास भारताने 2007 साली मान्यता दिली, आणि 2016 साली जुन्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. या नव्या कायद्यात कुवतीची ती पुस्ती उरली नाही. नियम जारी झाल्यापासून पाच वर्षांच्या आत सर्व जुन्या सार्वजनिक इमारती सुगम कराव्यात, असे त्यात स्पष्ट म्हटले गेले. नियम 15 जून 2017 रोजी निघाले; म्हणजे मुदत 2022 च्या जूनमध्ये भरली. दरम्यान 15 डिसेंबर 2017 रोजी न्यायालयाने रतूडी यांच्या दाव्यात सरकारी इमारती व रेल्वे स्थानके यांसाठी मुदतबंद आदेश दिले, आणि सन्मानाने जगण्याच्या हक्कात सुगमतेचा समावेश होतो, असे म्हटले.

आदेशांचे पालन कितपत झाले, हे पाहण्याचे काम पुढे हैदराबादच्या नालसार विधि विद्यापीठातील केंद्राकडे सोपविण्यात आले. तेव्हा दोष नियमांतच असल्याचे आढळून आले. कायदा ‘केलेच पाहिजे’ असे सांगत होता. नियमांनी ज्या मार्गदर्शिकांकडे बोट दाखविले होते, त्या ‘करावे, हे बरे’ अशा भाषेत होत्या. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवून रद्द केला आणि बंधनकारक नियम तीन महिन्यांत करण्यास केंद्र सरकारास सांगितले. याच सरन्यायाधीशांनी 2022 साली खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या आवाराची या दृष्टीने तपासणी करण्यासाठी समिती नेमली होती, हेही नमूद करणे उचित होय.

मुंबईत याच सुमारास दोन प्रकरणे गाजली. 2023 च्या ऑक्टोबरात खार येथील विवाह-नोंदणीची कचेरी दुसऱ्या मजल्यावर व लिफ्टविना असल्यामुळे चाकांच्या खुर्चीतील एका वधूस विवाहाच्या दिवशी उचलून वर न्यावे लागले. तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली. कचेरीबाहेर, वाजवी अंतरावरील स्थळी जाऊन विवाह लावण्याची मोकळीक 1954 च्या विशेष विवाह कायद्याने विवाह-अधिकाऱ्यास दिलेली आहे, ही गोष्ट येथे आठवल्यावाचून राहत नाही. त्याच वर्षी पदपथांच्या तोंडाशी ठोकलेल्या खांबांतून खुर्ची जात नाही, अशा एका नागरिकाच्या पत्राची मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली व ते पत्र जनहित याचिका म्हणून चालविले.

जुनी इमारत म्हटली की कमानी व घुमट डोळ्यांपुढे येतात. परंतु या कायद्यापुढे जुनेपणाची मोजणी निराळी आहे. मीरा-भाईंदरची नगरपालिका 1985 साली स्थापन झाली आणि 2002 साली तिची महानगरपालिका झाली. मिठागरांच्या व गावांच्या या मुलखात मुंबईबाहेर घर शोधणारी कुटुंबे त्या काळात येऊन राहिली, आणि सिल्व्हर पार्कसारख्या वस्त्या वाढल्या. चार मजल्यांपर्यंतच्या इमारतीस लिफ्ट नसली तरी चाले, अशा काळातील ही घडण. अशा वस्त्यांत दवाखाना, शिकवणीचा वर्ग, पतपेढी ही पहिल्या मजल्यावर थाटलेली असतात. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे सर्वसामान्य जनता जेथे ये-जा करते ती खासगी इमारतही सार्वजनिकच होय. म्हणून उच्च न्यायालयाच्या दगडी पायरीस जो प्रश्न विचारावयाचा, तोच सिल्व्हर पार्कमधील सिमेंटच्या जिन्यासही विचारावयास हवा. तेथे प्रश्न परक्याचाही नाही. ज्या तरुण जोडप्यांनी 1990 च्या सुमारास तिसऱ्या मजल्यावर हौसेने बिऱ्हाड थाटले, त्यांचेच गुडघे आज जिन्याशी वाद घालीत आहेत.

मार्च 2025 मध्ये मीरा-भाईंदरला स्वतःचे न्यायालय मिळाले. तोवर तेथील पक्षकारांस ठाण्यास जावे लागे. न्याय घराजवळ आला, ही गोष्ट आनंदाची आहे. परंतु न्यायाचे अंतर केवळ कोसांत मोजावयाचे नसते. अखेरच्या दोन-अडीच फुटांतही ते मोजावे लागते. महाडच्या तळ्यापासून रतूडी यांच्या दाव्यापर्यंतचा इतिहास सांगतो की, सार्वजनिक हा शब्द लिहून कोणतीही जागा सार्वजनिक होत नाही. ज्यास तेथे येणे सर्वांत कठीण, तो कोणाच्याही खांद्यावाचून आत आला, म्हणजे ती तशी होते.