तुगूच्या शिळेवरचे एकवीस दिवस

जकार्ताच्या जुन्या भागात फताहिल्ला चौकात एक पांढरी दुमजली इमारत आहे. शहराचे नाव बटाव्हिया होते तेव्हा डच ईस्ट इंडिया कंपनीने हा टाउन हॉल १७०७ ते १७१० या काळात बांधला. वर कचेऱ्या आणि न्यायालय, खाली बुटक्या कोठड्या. डचांशी पाच वर्षे लढलेला जावाचा राजपुत्र दिपोनगोरो १८३० साली हद्दपारीपूर्वी इथेच कैदेत होता. १९७४ पासून इथे शहराच्या इतिहासाचे संग्रहालय आहे.

डच कपाटे आणि खुर्च्या देखण्या आहेत. पण शिक्षकाने रेंगाळावे ते तुगू शिलालेखाच्या प्रतिकृतीपाशी. मूळ शिळा जकार्ताच्याच राष्ट्रीय संग्रहालयात आहे. भाषा संस्कृत, लिपी पल्लव. लेखावर साल नाही, पण अक्षरांच्या वळणावरून तो सुमारे पाचव्या शतकातला मानतात. म्हणजे हा टाउन हॉल उभा राहण्याच्या बाराशे वर्षे आधीचा!

तारुमानगरच्या पूर्णवर्मा राजाने गोमती नावाचा कालवा खणला, असे लेख सांगतो. त्याआधी खणलेल्या प्रवाहाचे नाव चंद्रभागा. हे नाव वाचून मराठी माणूस चमकतोच. पण ही चंद्रभागा पंढरपूरची नव्हे. नदीचे नाव घेऊन माणसे समुद्रापार गेली, की फक्त पोथ्या गेल्या, हे नावावरून ठरत नाही.

तपासता येते ते वेगळेच. काम फाल्गुन वद्य अष्टमीला सुरू झाले, चैत्र शुद्ध त्रयोदशीला संपले आणि एकवीस दिवस चालले, असे लेखात आहे. मोजून पाहू. अष्टमी ते अमावास्या आठ तिथी, पुढे तेरा, बेरीज एकवीस. पण हे जमते ते महिना अमावास्येला संपवणाऱ्या आपल्या अमान्त पद्धतीनेच. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून आपल्या श्रावण वद्य अष्टमीची जन्माष्टमी तिकडे भाद्रपदात येते. त्या पद्धतीने मोजले तर मध्ये आणखी दोन पक्ष येऊन एकावन्न तिथी होतात. तेव्हा जावातला हा पंचांगकर्ता अमान्त महिना मोजत होता, असे म्हणायला हरकत नाही. कालवा खरोखर एवढ्या दिवसांत झाला का, हा मात्र निराळा प्रश्न.

लांबी दिली आहे ६१२२ धनुष्ये. धनुष्य म्हणजे चार हात, सुमारे १.८ मीटर, तेव्हा कालवा ११ किलोमीटरचा, रोजचे काम सव्वापाचशे मीटर. ब्राह्मणांना हजार गाई दिल्याची नोंद आहे, खणणारे किती होते त्याची नाही. रुंदी ५ मीटर आणि खोली २ मीटर धरू (हे आकडे माझे, शिळेवरचे नव्हेत). १,१०,००० घनमीटर माती निघेल. एका माणसाने दिवसाला २ घनमीटर उपसली, तर २६०० माणसे लागतील. जुनाच ओढा साफ करून वाढवला असेल, तर पुष्कळ कमी. वर्गात रुंदी-खोली बदलून हे गणित मुलांकडून करून घ्यावे.