काँक्रीट कामगारांचे अपघात व नुकसानभरपाई (महाराष्ट्र)

काँक्रीट कालवणे, वाहणे, साच्यात ओतणे आणि त्यासाठी सेंट्रिंग उभारणे, सळई बांधणे ही कामे करणाऱ्या मजुरांना कामावर होणाऱ्या दुखापती व त्याबद्दल मिळणारी कायदेशीर भरपाई हा भारतीय कामगार कायद्यातील एक महत्त्वाचा विषय आहे. महाराष्ट्रात या प्रश्नाला स्थलांतराची बाजू आहे. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यातील तोरणमाळ व त्याच्या आसपासच्या पाड्यांतून भिल्ल व पावरा समाजांतील अनेक कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेत व महाराष्ट्रातील शहरांकडे जातात. त्यामुळे अपघात एका राज्यात आणि जखमीचे घर दुसऱ्या राज्यात, असे वारंवार घडते.

दुखापतींचे स्वरूप

ताज्या काँक्रीटचे वजन दर घनमीटरला सुमारे २,४०० किलो असते. म्हणजे १२५ मिलिमीटर जाडीच्या स्लॅबचा प्रत्येक चौरस मीटर खालच्या टेकूंवर ३०० किलोंचा भार टाकतो. त्यावर माणसे, घमेली व व्हायब्रेटर यांचा भार वेगळाच. काँक्रीट स्वतःचे वजन पेलण्याइतके घट्ट होईपर्यंत हा सारा भार सेंट्रिंगच वाहते. टेकू पोचट जमिनीवर उभे केले, बल्ल्यांना आडव्या-तिरप्या पट्ट्या मारल्या नाहीत किंवा एकाच जागी काँक्रीटचा ढीग पडू दिला, तर सेंट्रिंग बसते आणि वरची माणसे ओल्या काँक्रीटसह खाली येतात. ज्या दिवशी स्लॅब पडतो त्या दिवशी वर सर्वाधिक माणसे असतात, कारण काम एका दमात पुरे करायचे असते. जीवितहानी मोठी होण्याचे ते एक कारण आहे.

सेंट्रिंग लवकर काढणे हे अपघाताचे दुसरे कारण होय. भारतीय मानक ४५६ (२०००) नुसार सामान्य सिमेंट वापरले असता ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालील टेकू ७ दिवस व त्याहून मोठ्या गाळ्याखालील १४ दिवस ठेवावे लागतात. ६ मीटरपर्यंतच्या तुळईसाठी ही मुदत १४ दिवस, त्यापुढे २१ दिवस आहे. सेंट्रिंगचे सामान बहुधा भाड्याचे असते व भाडे दिवसावर आकारले जाते. मुदत पाळण्याची घाई कोणाला नसते आणि मोडण्याची का असते, हे यावरून समजते.

पुण्यातील बालेवाडी येथे जुलै २०१६ मध्ये उंच इमारतीच्या स्लॅबचे काम चालू असताना तो कोसळून ९ मजूर मरण पावले. फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्यातच येरवडा भागात पायासाठी बांधलेली सळयांची जाळी कोसळून ५ मजुरांचा मृत्यू झाला. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळया बसविणारे यंत्र कोसळले, त्यात २० जणांचा बळी गेला. अशा मोठ्या घटनांची नोंद होते. मिक्सरमध्ये हात सापडणे, उघड्या सळईवर पडणे, लिफ्टच्या दोराचा फटका, खालच्या माणसाच्या डोक्यावर पडलेली वीट, व्हायब्रेटरच्या तुटक्या वायरचा धक्का या एकेकट्या दुखापती बहुतेक वेळा ठेकेदार आणि मजूर यांच्यातच मिटविल्या जातात.

काही दुखापती सावकाश होतात. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते (सामू १२ ते १३). ते बुटात किंवा गुडघ्याखाली तासभर राहिले तर त्वचा भाजते, आणि सुरुवातीला वेदना होत नसल्याने मजूर काम थांबवीत नाही. सिमेंटमधील क्रोमियममुळे हातांना चिवट इसब होतो. काँक्रीट कापताना व फोडताना उडणारी सिलिकाची धूळ फुफ्फुसांत साठून सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग जडतो. नंदुरबारला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील अलिराजपूर परिसरातील आदिवासी मजूर गुजरातेतील दगड दळण्याच्या कारखान्यांत काम करून या रोगाने दगावले. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशा २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात शासनाला दिला.

कायद्याचा विकास

अपघाताची जबाबदारी मालकाचा दोष सिद्ध न करताही त्याच्यावर टाकावी, हे तत्त्व जर्मनीत १८८४ च्या अपघात विमा कायद्याने व इंग्लंडमध्ये १८९७ च्या कायद्याने रूढ झाले. भारतात त्याच धर्तीवर १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा झाला. तो १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. २००९ च्या दुरुस्तीने त्याचे नाव ‘कर्मचारी नुकसानभरपाई कायदा’ असे करण्यात आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू होऊन हा विषय तिच्या सातव्या प्रकरणात गेला. भरपाईचा मूळ ढाचा संहितेने कायम ठेवला आहे.

‘कामातून व कामाच्या ओघात’ झालेल्या अपघाताबद्दल भरपाई मिळते. मजुराने नशा केली होती, सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडला होता किंवा सुरक्षेचे साधन मुद्दाम काढून टाकले होते, असे मालकाने दाखविल्यास त्याची जबाबदारी टळते. परंतु मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असल्यास हा बचाव चालत नाही. ‘हेल्मेट घातले नव्हते’ हे वाक्य बांधकामावर सर्वांत जास्त ऐकू येते. मृत्यूच्या दाव्यात त्याला कायद्याने फारसे स्थान ठेवलेले नाही. मजूर साधा निष्काळजी होता एवढ्याने तर किरकोळ दुखापतीचाही दावा बुडत नाही.

करार तोंडी असला तरी चालतो. पूर्वी ‘आकस्मिक’ स्वरूपाच्या काही मजुरांना कायद्यातून वगळले जाई. २००० च्या दुरुस्तीने ही अट निघाली, आणि नाक्यावरून एका दिवसासाठी आणलेला बिगारीही कायद्याच्या कक्षेत आला. ठेकेदारामार्फत काम करवून घेणाऱ्या मुख्य मालकाकडूनही भरपाई मागता येते. मालकाने ती पुढे ठेकेदाराकडून वसूल करावी, अशी योजना आहे. मुकादम पळून गेला म्हणून दावा संपत नाही.

भरपाईची आकारणी

मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेस, आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के रकमेस, वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. १९२३ च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत हा गुणक २५ व्या वर्षी २१६.९१, ३० व्या वर्षी २०७.९८ आणि ४० व्या वर्षी १८४.१७ असा दिला आहे. हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा ३१ मे २०१० पासून ८,००० रुपये होती. ३ जानेवारी २०२० पासून ती १५,००० रुपये झाली.

उदाहरणार्थ, ३० वर्षांच्या मजुराचे वेतन १५,००० रुपये धरल्यास मृत्यूबद्दल ७,५०० × २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये होतात. जुन्या मर्यादेने हीच रक्कम ८,३१,९२० रुपये येई. मर्यादा दीर्घकाळ न बदलल्याने मजुरांचे किती नुकसान होते, ते या दोन आकड्यांवरून दिसते. कुशल मिस्त्रीचे शहरातील उत्पन्न १५,००० रुपयांहून अधिक असले, तरी हिशेब तेवढ्यावरच होतो.

अंशतः अपंगत्वासाठी पहिल्या अनुसूचीत टक्केवारी दिली आहे: अंगठा गेल्यास ३०, तर्जनी गेल्यास १४, एक डोळा गेल्यास (दुसरा चांगला असताना) ४०, हात गेल्यास ६०. वरील मजुराचा अंगठा तुटला तर १८,७१,८२० रुपयांच्या ३० टक्के, म्हणजे ५,६१,५४६ रुपये मिळतात. अनुसूचीत नसलेल्या दुखापतीत कमाईची क्षमता किती घटली हे वैद्यकीय तज्ज्ञ ठरवितो. मात्र टक्केवारी यांत्रिकपणे लावायची नसते. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये असा निर्णय दिला की, एका हाताने सुतारकाम होऊ शकत नसल्याने त्याची क्षमता शंभर टक्के गेली. भरपाई आयुक्ताच्या आदेशापासून नव्हे तर अपघाताच्या दिवसापासून देय होते, हेही त्याच निकालाने स्पष्ट केले. सेंट्रिंग कामगारांच्या दाव्यांत हा निकाल आजही आधाराला घेतला जातो.

तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम, जास्तीत जास्त पाच वर्षे मिळते. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यावयाचा असतो. एका महिन्यात भरपाई न दिल्यास १२ टक्के व्याज व सबळ कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

दावा कोठे व कसा करावा

अपघाताची सूचना शक्य तितक्या लवकर मालकास द्यावी आणि दावा दोन वर्षांच्या आत दाखल करावा, असा नियम आहे. सबळ कारण असल्यास विलंब माफ होतो. महाराष्ट्रात १९२३ च्या कायद्याखाली कामगार न्यायालयांचे न्यायाधीश आयुक्ताचे काम पाहत. जेथे असे न्यायालय नाही तेथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे हे काम असे. संहितेने आयुक्ताच्या जागी ‘सक्षम प्राधिकारी’ ही संज्ञा आणली आहे.

तोरणमाळच्या मजुराच्या दृष्टीने १९९५ ची दुरुस्ती सर्वांत मोलाची ठरली. तत्पूर्वी अपघात झाला त्याच क्षेत्रात दावा करावा लागे. सुरतेत स्लॅबवरून पडलेल्या माणसाने पाय प्लास्टरमध्ये असताना तारखांसाठी सुरतेस फेऱ्या माराव्यात, अशी ती व्यवस्था होती. दुरुस्तीने दावेदार सामान्यतः जेथे राहतो तेथेही दावा दाखल करण्याची मुभा दिली. ही तरतूद स्थलांतरित मजुरांच्या सोयीसाठीच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले.

मृत्यूच्या प्रकरणात मालकाने रक्कम आयुक्ताकडेच जमा करावी लागते. वारसांच्या हाती परस्पर दिलेले पैसे, तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतची उचल सोडता, कायद्याने भरपाई मानले जात नाहीत. हक्क सोडून देणारा करारही रद्दबातल ठरतो. अंत्यविधीच्या वेळी चार लोकांसमोर काही हजार रुपये देऊन कोऱ्या कागदावर अंगठा घेण्याची पद्धत कायद्यासमोर टिकत नाही ती यामुळे. अडचण एवढीच की, अंगठा देणाऱ्याला हे बहुधा ठाऊक नसते.

प्रत्यक्ष दाव्यात सर्वांत अवघड जाते ते नोकरीचे नाते सिद्ध करणे. हजेरीपट ठेकेदाराजवळ असतो व अपघातानंतर सापडत नाही. अशा वेळी रुग्णालयात दाखल करताना लिहिलेला मजकूर, पोलिसांचा पंचनामा, सहकाऱ्यांची साक्ष, उचलीची चिठ्ठी, मुकादमाशी मोबाइलवर झालेले संदेश व बँकेतील जमा यांवर भिस्त ठेवावी लागते. रुग्णालयात ‘घरी पडला’ असे लिहिले गेले तर पुढे फार झगडावे लागते.

कल्याणकारी मंडळ

इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये केंद्राने स्वतंत्र कायदा केला व बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर आकारून निधी उभारण्याची सोय केली. राज्यात या निधीचे काम महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ पाहते. १८ ते ६० वयाच्या व मागील बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या मजुराची नोंदणी होते. नोंदीत मजुराचा कामावर मृत्यू झाल्यास वारसांना ५ लाख रुपयांचे साहाय्य देण्याची मंडळाची योजना आहे. हे साहाय्य मालकाकडील भरपाईहून वेगळे असून एक घेतल्याने दुसरे बुडत नाही. राज्याबाहेर काम करणाऱ्याला मात्र ९० दिवसांचा दाखला मिळविणे कठीण पडते. देशभरातील उपकराचा पैसा मजुरांपर्यंत पोहोचत नसल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ च्या निकालात शासनांना कठोर शब्दांत सुनावले होते.

तोरणमाळ व सातपुडा परिसर

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. खरीप आटोपल्यावर मजुरीसाठी गेलेली कुटुंबे होळीला गावी परततात. जखमी मजूर त्याआधीच घरी आणून सोडला जातो. पाड्यावर पोहोचल्यावर कागदपत्रे आणि साक्षीदार दोन्ही मागे राहतात. पावरी व भिली या घरच्या बोली, तर अर्ज मराठीत आणि सुरतेच्या रुग्णालयाचे कागद गुजरातीत किंवा इंग्रजीत, ही आणखी एक अडचण असते. त्यात दोन वर्षांची मुदत हंगामांच्या येण्याजाण्यात सहज निघून जाते.

प्रवासातील अपघात हा या भागाचा वेगळा प्रश्न आहे. घाटांतून मजुरांना जीप किंवा पिकअपमधून कोंबून नेले जाते. जानेवारी २०२१ मध्ये तोरणमाळजवळच्या खडकी घाटात मजुरांचे वाहन दरीत कोसळून जीवितहानी झाली. कामावर जाता-येतानाचा अपघात ‘कामाच्या ओघात’ धरावा काय, याविषयी न्यायालयांत दीर्घकाळ मतभेद होते. धाराशिव जिल्ह्यातील साखर कारखान्याचा एक रखवालदार २००३ मध्ये पहाटेच्या पाळीला जाताना वाटेत अपघातात मरण पावला होता. त्याच्या वारसांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्णय दिला की, वेळ, ठिकाण व परिस्थिती यांवरून नोकरीशी संबंध जुळत असल्यास असा अपघातही भरपाईस पात्र आहे. सामाजिक सुरक्षा संहितेत ही तरतूद आता स्पष्ट शब्दांत आहे. रखवालदाराच्या कुटुंबाला या निर्णयासाठी बावीस वर्षे थांबावे लागले.