चिलापी

मागच्या उन्हाळ्यात येलदरीला गेलो होतो. पूर्णेचं पाणी बरंच खाली गेलेलं. गाडीत एक कॅन होती, त्यात माझ्या काचेच्या पेटीतली जास्तीची सहा पिल्लं. मलावी सरोवराचे पिवळे मासे. पेटीत गर्दी झाली, धरणात सोडून देऊ, असा विचार.

काठावर एक मावशी मासे विकत होत्या. रोहूखाली काळपट, काटेरी पाठीचे मासे. "चिलापी हाय, घ्या की!"

मी वाकून पाहिलं. नाकपुडी प्रत्येक बाजूला एकच, अंगावरची रेघ मध्येच तुटून खालून पुन्हा सुरू. म्हणजे हा माझ्या पिवळ्यांचाच चुलतभाऊ! याचीही मादी अंडी तोंडात सांभाळते, म्हणून पिल्लं जगतात फार.

बर्लिनच्या पीटर्स यांनी १८५२ साली मोझांबिकच्या माशाला शास्त्रीय नाव दिलं. १९३० च्या दशकाअखेरीस तो जावात सापडला, तिथे कसा पोचला देव जाणे. १९५२ मध्ये स्वस्त अन्न म्हणून भारतात आणला. झपाट्याने वाढला, पण दाटीत आकार खुरटला आणि इथल्या माशांचं खाणं खाऊ लागला. १९५९ मध्ये त्याच्या प्रसारावर बंदी आली. मासे काय सरकारी पत्रकं वाचतात? आज उजनीपासून सगळीकडे चिलापी आहेच.

मावशींकडून अर्धा किलो घेतला (चव वाईट नाही हो!). कॅन मात्र परत आणली. सध्या मोठा नर पिल्लांना दिवसभर पिटाळतोय. दुसरी पेटी घ्यावी लागणार. घरी अजून सांगितलेलं नाही.