झुंबर, पणती आणि सौरपेटी

१/८
१९८८. वॉशिंग्टनमधील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद. झुंबरांनी उजळलेल्या सभागृहात मुक्ताबाई पोल बोलण्यास उभ्या राहिल्या. त्या डॉक्टर नव्हत्या. तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड प्रकल्पाच्या ग्राम आरोग्यसेविका होत्या.

२/८
त्यांच्या बोलण्याचा आशय असा : डॉक्टर या झुंबरांसारखे, सुंदर पण महाग आणि आवाक्याबाहेरचे. आपण मात्र साध्या वातीच्या दिव्यासारख्या. एका दिव्याने दुसरा उजळतो. वीज दुर्लभ असलेल्या गावांतून आलेली ही उपमा केवळ अलंकार नव्हती.

३/८
तिची पार्श्वभूमी पाहा. वेल्लोरला शिकलेल्या डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये अवर्षणग्रस्त जामखेडमध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रकल्पाच्या नोंदींनुसार तेथे जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १७६ पहिल्या वाढदिवसापूर्वीच दगावत.

४/८
उपाय होता गावानेच निवडलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देण्याचा. त्यांतील अनेक निरक्षर, अनेक दलित. स्वच्छ प्रसूती, अतिसारात मीठ-साखर-पाणी, जोखमीच्या गरोदरपणाची वेळीच पारख : यांपैकी कशालाही वीज लागत नव्हती. पुढील दोन दशकांत बालमृत्यू झपाट्याने घटले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला.

५/८
परंतु पणतीलाही मर्यादा असतात. जोखीम ओळखून रुग्णालयात पाठवलेल्या स्त्रीची शस्त्रक्रिया अंधारात कशी करायची? बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात टिकतात. उन्हाळ्यात ते कसे राखायचे? येथे कौशल्य पुरेसे नाही, ऊर्जा हवी.

६/८
२००८ मध्ये अमेरिकी प्रसूतितज्ज्ञ लॉरा स्टॅशेल उत्तर नायजेरियातील एका रुग्णालयात गेल्या. रात्री वीज जाई आणि तातडीचे उपचार खोळंबत. त्यांचे पती, सौरऊर्जेचे शिक्षक हॅल अॅरन्सन यांनी मग सुटकेसमध्ये मावणारी सौरयंत्रणा रचली : पॅनेल, बॅटरी, एलईडी दिवे, गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकण्याचे उपकरण. ही 'सौरपेटी' पुढे अनेक देशांतील प्रसूतिगृहांत पोहोचली.

७/८
मात्र यंत्र पोहोचले म्हणजे प्रश्न सुटला, असे नव्हे. १९८० च्या दशकापासून अनेक देशांत लसींसाठी सौर शीतकपाटे बसवली गेली. काही वर्षांत बॅटऱ्या संपल्या. बदलण्यास ना पैसा ना माणूस, आणि कित्येक कपाटे निकामी झाली. म्हणून नंतर बॅटरीविना, दिवसा बर्फ गोठवून रात्री त्याच्याच गारव्यावर चालणारी शीतकपाटे आली.

८/८
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अंदाजानुसार आजही सुमारे १०० कोटी लोक ज्या आरोग्यकेंद्रांवर विसंबून आहेत, तेथे भरवशाची वीज नाही अथवा मुळीच वीज नाही. तेथे सौरपेटी हवीच. पण पॅनेलवरची धूळ पुसणारी, बॅटरीची अवस्था ओळखणारी आणि गावाचा विश्वास कमावलेली व्यक्तीही तेवढीच हवी. सूर्याचा प्रकाश फुकट आहे, त्याची राखण फुकट नाही. तुमच्या गावच्या उपकेंद्राच्या छतावर सौरपॅनेल असेल, तर एवढेच विचारून पाहा : त्याची देखभाल कोणाकडे आहे?