औद्योगिक अभिकल्प
यंत्रनिर्मित वस्तूला वापरणाऱ्याच्या गरजांनुसार रूप देण्याची विद्या. उद्योगीकरणाच्या प्रारंभी भारतात परदेशी नमुनाच बहुधा प्रमाण मानला गेला. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात १९५५ मध्ये पहिले भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र तयार झाले, ही मजल मोठीच. तथापि टंकलेखन यंत्राची मूळ रचना रोमन लिपीसाठी; तिच्या मोजक्या कळांवर देवनागरी बसविताना अनेक जोडाक्षरे मोडून लिहावी लागली. जुळते घेण्याचा भार यंत्रावर न पडता लिपीवर व टंकलेखकावर पडला. लगतच्या पवईत, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये, १९६९ साली औद्योगिक अभिकल्प केंद्र निघाले. जर्मनीतील उल्म येथे शिकलेले सुधाकर नाडकर्णी हे त्याच्या आद्य प्रवर्तकांपैकी. तेथेच १९८३ पासून र. कृ. जोशी यांनी अध्यापन केले. त्यांनी पुढे आखलेल्या ‘मंगल’ या टंकात जोडाक्षरे जुळविण्याचे काम संगणकच करतो.