घंटा गेल्या, वाड्या राहिल्या



इ. स. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला जिंकला. दोनशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली, बहुतेक परदेशी धर्मगुरू निघून गेले, देवळांच्या घंटाही विजयचिन्हे म्हणून दूरदेशी गेल्या.

परंतु श्रद्धा केवळ किल्ल्यात नव्हती. ती आगाशी, निर्मळ, नंदाखाल येथील वाड्यांत होती. शेतकऱ्यास जमीन पाठीवर घेऊन जाता येत नाही. म्हणून तो राहिला, आणि त्याच्यासवे प्रार्थनाही राहिली. पावसाचे पाणी बावखलांत साठे, विहिरींस झिरपे. पहाटे रहाट फिरे, केळी व पानवेली भिजत. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवीत व त्यांची सुकेळी करीत. सायंकाळी क्रुसापुढे सारे कुटुंब जपमाळ म्हणे.

२२ मे १९९८ रोजी वसईस स्वतंत्र धर्मप्रांत लाभला, तो ह्याच चिकाटीच्या पायावर. आज रहाट थांबले आहेत, बावखले बुजत आहेत, वाड्यांच्या जागी इमारती उठत आहेत. ज्या भूमीने आपली श्रद्धा राखिली, तिला आपण राखणार की विकणार? निदान आपल्या दारचे बावखल बुजू न देण्याचा निश्चय करू या. प्रभू आपणांस तेवढे बळ देवो!