शिरक्याची कसोटी

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हा सावकाश पावलें टाकणारा शत्रु आहे. पेशींत पहिला बिघाड झाल्यापासून खरा रोग उभा राहीपर्यंत बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ लोटतो, आणि त्या अवधींत तो सांपडला तर साध्या उपायानें त्याचें मूळ उपटतां येतें. दुर्दैव इतकेंच कीं, त्या काळांत वेदना नसते; आणि वेदनेवांचून दवाखान्याची पायरी चढणारी गृहिणी विरळाच.

हा बिघाड ओळखण्याची पेशी-परीक्षा डॉ. पापानिकोलाऊ यांनीं १९४१ सालीं ट्राउट यांच्यासह प्रसिद्ध केली. पाश्चात्त्य देशांत तिनें पुष्कळ प्राण वाचविले. परंतु तिला सूक्ष्मदर्शक यंत्र हवें, कांचेच्या पट्ट्या वाचणारा निष्णात डोळा हवा, आणि निकालासाठीं त्या बाईनें पुन्हां यावयास हवें. मुंबईच्या झोपड्यांतून हें सारें कोठून आणावें?

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयानें १९९८ सालीं निराळी वाट धरली. शेंकडा ४ प्रमाणाचें अॅसेटिक आम्ल, म्हणजे जवळजवळ स्वयंपाकघरांतील शिरकाच, गर्भाशयाच्या मुखास लावलें कीं मिनिटभरांत बिघडलेला भाग पांढरा पडतो व नुसत्या डोळ्यांस दिसतो. हें काम डॉक्टरांकडे दिलेंच नाहीं. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना कांहीं आठवडे शिकवून तयार केलें. (थोड्या शिक्षणाला नाक मुरडणारांनीं हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.) आधीं रोगाची माहिती, मग तपासणी असा क्रम होता. संकोचानें मान खालीं घालून बसणाऱ्या बाईशीं बोलावयास त्यांच्याहून योग्य दुसरें कोण होतें?

३५ ते ६४ वर्षांच्या सुमारें १,५०,००० स्त्रिया या प्रयोगांत आल्या. वस्त्यांचे वीस गट केले. दहा गटांत दोन दोन वर्षांनीं चार वेळां शिक्षण व तपासणी झाली. उरलेल्या दहांत शिक्षण मात्र एकदां दिलें. २०१३ सालीं बारा वर्षांचा हिशेब जाहीर झाला. तपासलेल्या गटांत या रोगाचे मृत्यु शेंकडा ३१ नीं कमी भरले.

मग वाद उठला. तपासणी उपयोगी पडेल असें वाटत असतां अर्ध्या स्त्रियांना तिच्यावांचून कां ठेवलें? चालकांचें उत्तर असें कीं, देशांत अशी तपासणी कोणाचीच होत नव्हती, आणि तुलनेवांचून सरकारला पटविणार कसें? उत्तर खोटें नव्हे. पण मरण पावलेल्यांच्या घरीं तें पुरेसें वाटलें असेल असें म्हणवत नाहीं.

भारत सरकारनें २०१६ सालीं ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांसाठीं, पांच वर्षांतून एकदां, हीच कसोटी योजिली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत तीस ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांस विचारलें, तेव्हां ही तपासणी कधीं तरी झालेल्या शंभरांत दोघीही निघाल्या नाहींत.